आधी गाडी, मग पारवा

शिराळ्याच्या आकारामची पारव्यांची ढाबळ साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक. कुणाच्या अंगावरनं वारं गेलं, एक बाजू लुळी पडली, की घरचं माणूस आधी त्याच्याकडे पळायचं. पारव्याचं गरम रक्त चोळलं की हातपाय उठतात, असा सगळ्यांचा भरवसा. आकारामचाही होता. १९७४ साली त्याची बायको शालूबाई पडली, तेव्हा त्यानं तीन पारवे कापले, शेजारणींनी काढा पाजला. सांगलीच्या दवाखान्यात पोचली आणि तासाभरात गेली. डॉक्टर म्हणाले, गिळता येत नव्हतं, काढा फुफ्फुसात उतरला. शिवाय फार उशीर केलात.

तेव्हापासून आकारामचा रक्तावरचा भरवसा उडाला, तरी तो पारवा मागणाऱ्याला नाही म्हणत नसे. नाही म्हटलं तर लोक दुसरी ढाबळ शोधत हिंडणार, वेळ त्यातच जाणार. त्यानं फक्त अट घातली.

दोन वर्षांनी, ऐन ऊसतोडीत, भाऊसो धापा टाकत आला. त्याची आई हरणाबाई अंगणात पडली होती. तोंड वाकडं, उजवा हात लुळा, वाचा बंद.

“तात्या, बिगीनं एक पारवा द्या.”

“देतो की. गाडी कुठं हाय?”

“गाडी कशाला? रगात चोळायचंय.”

“ते सांगलीत चोळ. चौकात कारखान्याची जीप हुबी हाय, ती आण. पारवा घिऊन मी बसतो. दवाखान्याच्या दारात तुझ्या हातात दीन.”

भाऊसोनं दोन शिव्या हासडल्या, पण पारवा आकारामच्या काखेत होता. तो जीपकडे पळाला.

आकाराम भाऊसोच्या घरी पोचला, तर सून चंद्राबाई सासूच्या ओठाला चहाची बशी लावत होती. म्हणे, सकाळपासनं उपाशी हायती. त्यानं बशी काढून घेतली, म्हातारीला कुशीवर वळवलं, तोंडातली लाळ पुसली. ओट्यावरचा एक जाणता बोलला, वाटेत काय झालं तर तुझ्या डोक्यावर.

“माज्या डोक्यावर घाला, पण आधी हिला गाडीत घाला,” आकाराम म्हणाला.

दोन तासांत सांगली. आकारामनं शब्द पाळला, दारातच पारवा भाऊसोच्या हातात दिला. सिस्टरनं दोघांना पारव्यासकट बाहेर काढलं. आत म्हातारीला इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घातली. चार दिवस डॉक्टर काही सांगेनात. आकाराम व्हरांड्यातून हलला नाही.

पाचव्या दिवशी हरणाबाईचे ओठ हलले. भाऊसो वाकला.

“म्हशी... कुनी पिळल्या?”

जीभ जड होती, पण शब्द कळला. दारातनं आकारामनं सांगितलं, चंद्राबाईनं पिळल्या.

म्हातारीनं डोळे मिटले.

“म्हंजी... अर्ध्याच.”