दुसरा वाचक

कोर्टाचे आदेश वाचायला मी संगणकाला शिकवते, असं सांगितलं की लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला, आता न्यायाधीशांच्या नोकऱ्या जाणार का? दुसरा, आमची तेवढी वाटपाची केस बघता का? दोन्हींना नाही म्हटलं की त्यांचा माझ्यातला रस संपतो. मी साताऱ्याला कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते, एकटी राहते, आणि उरलेल्या वेळात आपल्याकडच्या तालुका कोर्टांतले मराठी आदेश जमवून न्यायाधीश त्यांत कसे बोलतात ते शोधते. घरात बोलायला कुणी नसलं की माणूस काय काय उद्योग काढतो, त्यातलाच हा एक.

संगणकाला आपलं आपण काही कळत नाही. आधी माणसांनी बसून शेकडो आदेश वाचायचे, प्रत्येकापुढे उत्तर लिहायचं, मग त्या उत्तरांवरून तो बाकीच्या हजारो आदेशांची उत्तरं काढायला शिकतो. माझा प्रश्न एकच होता. या आदेशात न्यायाधीशाने समोरच्या माणसाची दखल घेतलेली दिसते का? हो किंवा नाही. पण एका माणसाच्या मतावर कुणी विसंबत नाही. दोघांनी तेच आदेश वेगवेगळे वाचायचे, त्याबद्दल एकमेकांशी चकार शब्द काढायचा नाही, आणि सगळं संपल्यावर दोघांची उत्तरं शेजारी ठेवायची. जिथे जुळत नाहीत तिथे समोरासमोर बसून बोलायचं आणि एक उत्तर ठरवायचं.

माझी दुसरी वाचक पुण्याला नोकरी लागली म्हणून काम अर्धवट टाकून गेली. चार दिवस तिच्यावर चरफडत बसले आणि मग मला बाबा आठवले.

बाबा निवृत्त न्यायाधीश. आई गेल्यापासून सांगलीच्या घरात एकटेच असतात. दर शनिवारी मी एसटीने जाते. ते दार उघडतात, "गाडीला गर्दी होती का?" विचारतात. मी "होती" किंवा "नव्हती" म्हणते. जेवताना आमटीत मीठ कमी आहे की नाही यावर एकमत होतं. रविवारी संध्याकाळी मी परत निघते. आई होती तेव्हा ती दोघांच्या वाटचं बोलायची, त्यामुळे आम्ही दोघे एकमेकांशी बोलत नाही हे कधी कळलंच नव्हतं.

त्यात त्यांचा तरी काय दोष म्हणा. न्यायाधीशाने गावात ओळखी करायच्या नसतात. माझं लहानपण विटा, पाटण, जत अशा गावांतल्या सरकारी क्वार्टरात गेलं आणि सगळीकडे हाच कायदा होता. विट्याला शेजारचे लोक परगावी सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात होते. दिवाळीला गावी आले की प्रेमाने मिठाईचा बॉक्स आणायचे. तो बाबा शिपायाबरोबर तसाच परत पाठवायचे. लग्नाला जायचं नाही, बारशाला जायचं नाही. माझ्या वाढदिवसाला वर्गातल्या मुलांना बोलवायचं नाही, कारण कुणाच्या बापाची तारीख लागली असेल सांगता येत नाही. जतला मी एकदा हट्टाने एका मैत्रिणीला घरी आणलं. बाबांनी तिला तिच्या वडिलांचं नाव विचारलं आणि उठून आतल्या खोलीत गेले. ती बिचारी सरबत न पिताच पळाली. मी बाबांशी दोन दिवस अबोला धरला, तर ते त्यांच्या लक्षातच आलं नाही.

पण मला खरी लागली ती दुसरीच गोष्ट. माझं लग्न मोडलं तेव्हा आम्ही दोघांनी संमतीने घटस्फोटाचा अर्ज केला होता. शेवटच्या तारखेला माझ्याबरोबर चला, असं मी बाबांना म्हटलं. आयुष्यात त्यांच्याकडे मी फारसं काही मागितलं नव्हतं. बाबा म्हणाले, "मी मागे येऊन बसलो तर त्या न्यायाधीशांवर दडपण येईल. ते बरं दिसत नाही." आई तेव्हा अंथरुणावर होती. मी एकटी गेले, एकटी आले. आदेशाची नक्कल मिळाली ती पाकीट न फोडताच बाबांच्या हातात दिली. म्हटलं, तुमच्या खात्याचा कागद आहे, तुम्हीच ठेवा. त्यांनी तो कपाटात ठेवला. त्या विषयावर पुढे आम्ही दोघेही कधी बोललो नाही. मला त्यांचा राग होता, अजूनही होता. आपल्या बापाला आपलं काही वाटतं की नाही, हे या वयात कुणाला विचारायचं?

तर दुसरा वाचक म्हणून बाबांना धरलं, त्यात माझा हाही हिशेब होता. उत्तरं जुळणार नाहीत, मग नियमानेच आम्हाला समोरासमोर बसून बोलावं लागेल. त्यांना नियमाशिवाय काही करता येत नाही, मग नियमच सही. आदेशांतली नावं, गावं, तारखा मी प्रोग्रामने पुसून टाकल्या होत्या. नावाच्या जागी नुसतं अर्जदार, जाबदेणार, साक्षीदार. बाबांचे स्वतःचे काही आदेश त्यात निघणार याची कल्पना होती, पण इतकं पुसल्यावर कोण ओळखतंय, असं मला वाटलं.

बाबांनी नियमांचा कागद दोनदा वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला. कितीतरी वर्षांनी कुणीतरी त्यांना न बोलण्याचं काम दिलं होतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आतल्या खोलीत टेबल मांडलं. दार लावून अकरा वाजता बसायचे. स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आवं ताई, सायेब दिसभर त्या मशिनीम्होरं बसत्यात. हाक मारली तरी बोलत न्हाईत. परवा डोळं पुसत हुते. चष्म्याचा नंबर वाढलाय का बगा जरा."

मी नंबर काढून आणायला सांगितला. तो वाढलेला नव्हता.

एका शनिवारी जेवताना मी म्हटलं, "आज एक साक्ष वाचली, मेंढरं रानात घुसल्याची. फार मजेशीर आहे." बाबांनी हात वर केला. "प्रकरण प्रलंबित आहे," ते म्हणाले आणि भाकरी मोडायला लागले. एरवी निदान मिठावर तरी बोलायचो, आता तेही गेलं. दोघे दोन खोल्यांत बसून तेच आदेश वाचत होतो आणि मधे बंद दार होतं. मला वाटलं, कुठून ही अवदसा आठवली.

मी साताऱ्यालाही वाचत होते. पेपर तपासून झाले की आदेशांचा गठ्ठा. खरं सांगायचं तर त्यात कंटाळा फार असतो. एकाच प्रकारचे आदेश एकाच साच्यातून निघालेले असतात. संमतीच्या घटस्फोटाचे तर विचारूच नका. उभयतांचा विवाह झाला, मतभेद झाले, समेटाचा प्रयत्न निष्फळ ठरला, पोटगीचा हक्क सोडला, विवाह विच्छेदित करण्यात येत आहे. पहिल्या दहा-बारांनंतर डोळा आपोआप शेवटच्या परिच्छेदावर जातो आणि हात 'नाही' टाकून मोकळा होतो. संगणकावर कामचुकारपणाचा आरोप करता येत नाही, हा त्याचा मोठा गुण.

बाबांचं काम माझ्याआधी संपलं. त्यांनी पेन ड्राइव्ह पाकिटात घालून पाकिटाच्या जोडावर सही केली होती. "तुझं संपेपर्यंत उघडू नकोस," म्हणाले. मीही नियमाने वागले. माझं संपल्यावर एका रविवारी दुपारी साताऱ्याच्या खोलीत ते फोडलं आणि दोघांची उत्तरं शेजारी लावली. बऱ्याच ठिकाणी जुळत होती. जिथे नव्हती तिथे बहुतेक वेळा माझं 'नाही' होतं आणि त्यांचं 'हो'. मला नवल वाटलं, मी उलट धरून चालले होते.

आणि काही रकाने कोरे होते.

बाबांनी काम कोरं सोडणं शक्य नव्हतं, म्हणून शेरा पाहिला. प्रत्येक कोऱ्या रकान्यापुढे त्यांनी लिहिलं होतं, 'स्वतःचा आदेश'. मी एकटीच मोठ्याने हसले. नाव नाही, गाव नाही, तारीख नाही, तरी त्यांनी आपलं लिखाण ओळखलं होतं आणि आपल्याच प्रकरणात आपण न्याय करायचा नाही म्हणून बाजूला झाले होते.

सगळ्यात खालच्या कोऱ्या रकान्यापुढचा शेरा वेगळा होता. 'जवळचा संबंध'.

कुणीतरी नात्यातलं असेल म्हणून मी तो आदेश उघडला. संमतीचा घटस्फोट. विवाह झाला, मतभेद झाले, समेट निष्फळ. या खेपेला डोळा पुढे पळू दिला नाही, म्हणून मधला परिच्छेद दिसला. तिथे लिहिलं होतं, अर्जदार क्रमांक एक हिला संमतीबाबत विचारले असता ती काही वेळ बोलली नाही. तिला पाणी देण्यात आले व मधल्या वेळेत पुढील प्रकरण पुकारण्यात आले. त्यानंतर पुन्हा विचारले असता तिने संमती असल्याचे सांगितले.

बिचारी, असं माझ्या मनात आलं. मग मी पुसलेल्या मूळ नावांची यादी उघडली. त्या क्रमांकापुढे माझं नाव होतं.

मी परत तो परिच्छेद वाचला. त्या दिवसाची माझी आठवण अशी, की मला विचारलं आणि मी ताठ मानेने ताबडतोब हो म्हणाले. मैत्रिणींना मी हेच सांगत आले. पाणी प्यायल्याचं आठवत होतं, पण ते उन्हाळ्यामुळे, असंच मी धरून चालले होते. मी बोलू शकले नाही, हे माझ्या डोक्यातून पार पुसलं गेलं होतं. आणि त्या आदेशापुढे माझ्या रकान्यात माझंच उत्तर होतं, 'नाही'. माझी कुणीतरी दखल घेतली होती, ते मीच वाचलं नव्हतं. साच्यातला एक म्हणून मी स्वतःलाच पुढे ढकललं होतं. खोलीत तेव्हा कुणी असतं तर बरं झालं असतं, असं फार वाटलं.

त्या शनिवारी सांगलीला गेले. गाडीला गर्दी होती का, विचारून झालं. उत्तरं न जुळलेले आदेश घेऊन आम्ही टेबलापाशी बसलो. बाबा तयारीनिशी बसले होते, टिपणं काढून. पहिले काही आदेश झाले. ते सांगत होते, मी ऐकत होते. सुगीनंतरची तारीख दिली आहे, ती कशाला, बघ. म्हाताऱ्या साक्षीदाराची साक्ष खुर्चीवर बसवून घेतली आहे, तेवढं लिहायची काही गरज नव्हती, तरी लिहिलं आहे. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. एरवी मी खूश झाले असते.

"यातला एक तुम्ही कोरा सोडला आहे," मी म्हटलं.

"स्वतःचे आदेश मी—"

"तो तुमचा नव्हता, बाबा."

त्यांनी टिपणांचे कागद सारखे केले. पुन्हा सारखे केले.

"कसा ओळखलात?"

"नक्कल आणून दिलीस ना. त्या रात्रीच वाचली. नंतरही वाचत असतो कधीकधी."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"काय बोलणार?" ते खिडकीकडे बघत म्हणाले. "तुला पाणी द्यायला परका माणूस होता. मी घरी बसून पेपर वाचत होतो."

मी समोरची टिपणं बाजूला सरकवली.

"दडपण वगैरे खरं होतं," ते म्हणाले. "पण मला बाहेर व्हरांड्यात उभं राहता आलं असतं. व्हरांड्यात कुणीही उभं राहतं. हे मला ती ओळ वाचल्यावर सुचलं. मी यायला हवं होतं."

"हो, यायला हवं होतं," मी म्हटलं. त्यांना बरं वाटावं म्हणून 'जाऊ द्या' म्हणणं जिभेवर आलं होतं, पण म्हटलं नाही. इतकी वर्षं मी ते एकटीने सांभाळलं होतं, निदान त्यातला त्यांचा वाटा त्यांना मिळू दे. त्यांनी मान हलवली. आतून मावशींनी चहा आणून ठेवला आणि आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघून त्या काही न विचारता गेल्या.

त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि विचारलं, "तू काय उत्तर दिलं आहेस?"

"नाही."

"चुकलं."

"माहीत आहे."

"मग बदल."

"आता बदलता येत नाही, बाबा. आता मला कळलं आहे तो कुणाचा आहे ते."

त्यांनी क्षणभर विचार केला आणि त्यांना ते पटलं. नियमाचं होतं, पटणारच. "मग हा अभ्यासातून वगळावा लागेल," ते म्हणाले. मी लॅपटॉप पुढे ओढला. माझं 'नाही' पुसलं आणि रकाना कोरा केला. वगळण्याचं कारण लिहायला लागतं. बाबा खुर्ची सरकवून माझ्या शेजारी येऊन बसले होते, खांद्याला खांदा लागेल इतके जवळ, आणि मी त्यांचाच शेरा उतरवून काढत होते तो वाचत होते.

"त्यात एक शब्द वाढव," ते म्हणाले.

त्यांच्या शेऱ्याआधी मी तो लिहिला. दोघांचाही जवळचा संबंध.