घंटी जड झाली

कुठल्याही घरात शिरलं की दीदी आधी खुर्ची उचलायच्या. घरच्यांनी डॉक्टरसाठी म्हणून पुसून मांडलेली ती मानाची खुर्ची त्या घरात ज्याच्याकडे कोणीच पाहत नसे अशा माणसासमोर नेऊन ठेवत. मग बसून विचारत, "तुमचं काय दुखते?" आणि गप्प राहत. आई मध्ये बोलली, वडील बोलले, चौकशीला आलेली शेजारीण बोलली, की दीदींचा तळहात वर जायचा. "थांबा. त्यायले बोलू द्या."

दीदी म्हणजे डॉक्टर मालतीबाई. रायपुरात मराठी, हिंदी, छत्तीसगढी सगळेच त्यांना दीदी म्हणत. जन्मतःच एक गुणसूत्र जास्त घेऊन आलेली माणसं असतात. डॉक्टर त्याला डाऊन सिंड्रोम म्हणतात, लोक 'मंदबुद्धी' म्हणून मोकळे होतात. ही माणसं पूर्वी फार जगत नसत, आता पन्नाशी गाठतात. त्या वयात त्यांच्या तब्येतीचं काय होतं, याचा अभ्यास दीदींनी चालवला होता. त्यांतल्या पुष्कळांची स्मरणशक्ती वेळेआधीच उतरू लागते, आणि हे विस्मरण ओळखणं हे दीदींचं खास काम. मी घरोघर जाऊन माहिती गोळा करायच्या कामावर होते. आमचं घर शंकर नगरातलं. आई मराठीत बोलायची आणि मी हिंदीत उत्तर द्यायची. दीदींशीही मी तसंच सुरू केलं, तर पहिल्याच दिवशी ऐकून घ्यावं लागलं, "काहून गं, मराठी बोलाले पैसे पडते का? तुह्या मराठीले सलाईन लावा लागते." आज हे मराठीत लिहिते आहे, ते त्या सलाईनवर.

अभनपूरच्या पुढच्या एका गावात रामशीला नावाची बाई होती, पस्तिशीची. काही महिन्यांपासून ती भिंतीवर डोकं आपटायची, ताट फेकायची. कुठल्याशा दवाखान्यातून झोपेचं औषध मिळालं होतं. त्यानं ती दिवसभर पेंगायची आणि जाग आली की पुन्हा भिंत. "ओ तो अइसनेच हे दीदी, जनम ले," तिची आई म्हणाली. जन्मापासून तशीच आहे. "अइसने काबर हे, दाई?" अशी का आहे, असं दीदींनी हसून विचारलं आणि खुर्ची रामशीलासमोर ओढली. पुष्कळ वेळ काहीच झालं नाही. मी मोबाइलकडे पाहिलं तर दीदींनी डोळे वटारले. मग रामशीलानं हळूच गालावर हात ठेवला. तोंडात टॉर्च मारून पाहिलं तर दाढ पार किडलेली, हिरडीत पू झालेला. दाढ काढली आणि भिंतीची सुटका झाली.

परतताना गाडीत दीदींनी फल्लीदाण्यांची, म्हणजे शेंगदाण्यांची, पुडी उघडली. खूश असल्या की त्यांना फल्ली लागे, चिडल्या असल्या तरी लागे. "'ती तशीच आहे' हे निदान नाही, पोरी. हा आपला आळस आहे. दात पाहा, कान पाहा, डोळे पाहा, थायरॉइड पाहा. मान पाहा, चालवून पाहा. सगळं पाहून झालं अन् काहीच नाही सापडलं, तर मंग म्हणा तशीच आहे. पण तवाही हळू म्हणा, ती ऐकून राहते."

मानेवर त्यांचा विशेष कटाक्ष होता. या माणसांचे मानेतले सांधे जन्मापासून सैल असू शकतात, मणका सरकला तर आतली नस दबते आणि हातापायांतली शक्ती जाते. हळूहळू होतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. अभ्यासात आलेल्या प्रत्येकाची मान तपासल्याशिवाय त्या आम्हाला उठू देत नसत.

अभ्यासाचा एक नियम मात्र कडक होता. काम करणाऱ्यांच्या घरचं कोणी त्यात घ्यायचं नाही. "घरच्या माणसाले आपण नीट पाहतच नाही," त्या म्हणत. "लाड करतो, नाहीतर कीव करतो. म्हणून घरचा नको." नियम शास्त्राला धरून होता. तो लागू पडत होता फक्त एकाला, दीदींच्या धाकट्या भावाला, बापूला.

बापूही तसाच जन्मलेला. आईवडील गेल्यावर दीदींनी त्याला सांभाळलं, लग्नबिग्न केलं नाही, आणि त्याबद्दल कोणी हळहळलं तर त्याला चहासुद्धा न देता वाटेला लावलं. ब्राह्मणपाऱ्यात त्यांचं घर, दोन गल्ल्या सोडून देऊळ. संध्याकाळच्या आरतीला घंटा वाजवणं हे बापूचं काम होतं. तो पांढरा सदरा घालून वेळेच्या कितीतरी आधी निघायचा आणि रस्त्यात भेटेल त्याला विचारायचा, "जेवली काय? जेवला काय?" स्कूटीवरून जाणाऱ्यालाही थांबवून विचारायचा. मोहल्ल्यातले लोक हसत, पण त्याचा हात दोरीला लागल्याशिवाय आरती सुरू करत नसत. मी कामासाठी गेले की दारातच मला तो प्रश्न यायचा, आणि 'हो' म्हटलं तरी बिस्किटाचा पुडा हातात पडायचा.

मग बापू हळूहळू मागे सरकू लागला. जिना उतरायला नाही म्हणू लागला. कपडे ओले व्हायला लागले. बटणं लावता येईनात. बोलणंही कमी झालं. आरतीची वेळ झाली तरी तो खाटेवर बसून राही. दीदींनी ते पाहिलं आणि लगेच ओळखलं. जे त्या इतकी वर्षं दुसऱ्यांच्या घरी पाहत आल्या होत्या, ते विस्मरण आता आपल्या घरी आलं होतं.

"आलं गं ते," एकदा गाडीत त्या म्हणाल्या. पुडी मांडीवर तशीच होती. "देवळात जाची वेळ झाली, तर मी न विचारताच म्हणते, 'ताई, घंटी जड झाली.' पाहा. घंटी वाजवणं विसरला, अन् म्हणते जड झाली." त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. या विषयात दीदींच्या पुढे आम्ही काय बोलणार?

त्यांनी जे केलं ते जीव लावून केलं. न्हाणीघराच्या दारावर बादलीचं चित्र लावलं, स्वयंपाकघराच्या दारावर ताटाचं. जिन्याला फाटक बसवलं. सदऱ्याची बटणं काढून चिकटपट्ट्या शिवल्या. देवळात जाऊन सांगून आल्या की बापू आता येणार नाही. तिथल्या मंडळींनी थोडे दिवस वाट पाहिली आणि मग विजेवर चालणारं घंटा-नगाऱ्याचं यंत्र आणलं. दुसऱ्या डॉक्टरांना बापूला एकदा दाखवावं, असं दीदी अधूनमधून म्हणत. पण कोणाला दाखवणार? रायपुरात या दुखण्यासाठी लोक त्यांच्याकडेच येत होते.

एक दिवस बापू उंबऱ्यावरच पडला. त्याला दवाखान्यात नेलं. तिथले हाडांचे डॉक्टर तरुण होते, दीदींना ओळखत नव्हते. त्यांनी बापूचे हात पाहिले, पाय पाहिले आणि आधी मानेचे फोटो काढायला लावले. सरकलेल्या मणक्यानं नस दाबून धरली होती, आजची नव्हे, खूप दिवसांपासून. "इनकी गर्दन आख़िरी बार कब चेक हुई थी?" त्यांनी विचारलं. बापू अभ्यासात नव्हता, म्हणून त्याची मान कोणी तपासलीच नव्हती. खाटेवर बापू सगळं पाहत होता. "ताई रडून राहिली," तो मला म्हणाला. मग माझं नाव घेतलं, आईची चौकशी केली, आणि विचारलं, "जेवली काय?" विसरला काहीच नव्हता. दुखत होतं म्हणून बोलत नव्हता, आणि हात वर जात नव्हता म्हणून देवळात जात नव्हता.

ऑपरेशन झालं. पुढची पडझड थांबली, पण गेलेलं परत आलं नाही. "थोड़ा पहले ले आते, तो..." म्हणून ते डॉक्टर थांबले. "पूरा बोलिए," दीदी म्हणाल्या. ते बोलले नाहीत. चांगला माणूस होता.

पुढच्या बैठकीत दीदींनी आम्हा सगळ्यांना हे स्वतः सांगितलं, काहीही न लपवता, एखाद्या परक्याची केस सांगावी तसं. शेवटी म्हणाल्या, "नियम बदलून राहिलो. घरचा माणूस अभ्यासात नको, हे ठीकच आहे. पण तपासाले तो पहिला. अन् तपासणारा डॉक्टर दुसरा." एवढं सांगून त्या बाहेर गेल्या. मला त्यांचा फार राग आला होता त्या दिवशी, आणि तितकीच मायाही. दोन्ही अजून तशीच आहेत.

चाकाच्या खुर्चीतून त्या बापूला देवळात नेऊ लागल्या. पहिल्या संध्याकाळी मी बरोबर होते. यंत्राचा खणखणाट सुरू झाला तसा बापूनं तोंड वाकडं केलं. "बंद कर ते." पुजाऱ्यांनी लगेच बटण बंद केलं. बापूनं डोळे वर करून दोरीकडे पाहिलं, मग बहिणीकडे. "ताई, तू वाजव. तुले नाही जड." दीदींनी दोरी धरली आणि आरती संपेपर्यंत वाजवत राहिल्या. बापू मान हलवू शकत नव्हता, पण ओठांनी ताल धरत होता. नंतर रोज तसंच चाललं. पुढच्या हिवाळ्यात छातीत कफ होऊन तो गेला.

दीदी त्यानंतर रायपुरात फार राहिल्या नाहीत. नागपूरला चुलतबहिणीकडे जायचं ठरवलं. निघायच्या दिवशी मी ब्राह्मणपाऱ्यातल्या घरी गेले. सामान बांधून झालं होतं. दारांवरची ताटाची, बादलीची चित्रं तशीच होती. ती काढायला कोणाचा हात धजावला नव्हता. दीदी बापूच्या खाटेवर बसल्या होत्या. मी कोपऱ्यातली खुर्ची उचलली, त्यांच्यासमोर ठेवली आणि बसले.

"दीदी, तुमचं काय दुखते?"

एरवी त्यांनी माझी टर उडवली असती. त्या दिवशी नाही उडवली. मी गप्प राहिले, त्यांनीच शिकवलं होतं तशी. बाहेरून दोनतीन स्कूटी गेल्या. कोणी कोणाला 'जेवला काय' विचारलं नाही.

"साऱ्या दुनियेले विचारत फिरलो मी," शेवटी त्या म्हणाल्या. "खुर्ची ओढून ओढून विचारलं. अन् बापूनं तर मी न विचारताच मले सांगितलं होतं ना गं."