बाबांनी मारलेली गाठ

रविवारी मोहाडीत आमच्या घरी चक्क बार उघडला. दचकू नका... उंची वीतभर, गिऱ्हाईकं प्लास्टिकची, आणि त्यातली निम्मी परग्रहावरची.

आम्ही चौघं मित्रमैत्रिणी टेबलावर बोटभर उंचीच्या बाहुल्या मांडून, फासे टाकून लढाया खेळतो. त्या लढायांसाठी लागणारी घरं, पूल, भिंती मी थ्रीडी प्रिंटरवर छापते आणि रंगवते. यावेळी अंतराळातल्या एका बंदरावरचा बार करायचा होता... लांबलचक काउंटर, उंच स्टुलं, मागे बाटल्यांचं कपाट, छताला गंजलेले पाइप.

आमच्या घरात दारूचा थेंब कधी आलेला नाही, त्यामुळे आईने आधी नाक मुरडलं. बाबा मात्र खुर्ची ओढून प्रिंटरसमोर बसले. बाबांचा सगळा जन्म हातमागावर गेला. डोळे अधू झाले, माग सुटला, आणि तेव्हापासून दिवस कसा घालवायचा हे त्यांना कळत नव्हतं.

प्रिंटर प्लास्टिकची तार वितळवून थरावर थर घालत होता. बाबा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ही तं विणूनच राहिली व!" मग रोजचं बसणं सुरू झालं. आवाज जरा बदलला की आतून हाक यायची, "बाई, तुही मशीन कुरकुर करून राहिली." इतके खुशीत मी त्यांना कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी मी काउंटर छापायला लावलं आणि काळा स्प्रे आणायला तुमसरला गेले. दुपारी परतले तर बाबा दारातच उभे, चेहरा नुसता फुललेला. "धागा तुटला होता. जोडून देल्ला म्या."

मी चप्पल न काढताच आत धावले. रिळावरची तार तुटली होती. बाबांनी ती गरम पाण्यात बुडवून मऊ केली होती आणि दोन टोकांना गाठ मारली होती, मागावर तुटलेल्या धाग्याला मारतात तशी. ती गाठ तार आत ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी अडकलेली, आणि मशीन बिचारी रिकामीच इकडून तिकडे फिरत होती. अर्धं काउंटर वाया गेलं होतं.

रविवार तोंडावर, पाहुणे येणार... माझं डोकंच फिरलं. "तुमाले त्यातलं काही समजत नाही, तं हात कायले लावता?" शेजारी ऐकू जाईल इतक्या जोरात ओरडले मी. बाबांनी खुर्ची उचलली आणि ओसरीवर नेऊन ठेवली.

मी काउंटर पुन्हा छापलं. काळा हात दिला, कडांवर कोरड्या ब्रशने तांब्याचा रंग घासला, बाटल्या हिरव्या-जांभळ्या केल्या. रविवारी सगळ्यांनी भरभरून कौतुक केलं, फोटो काढले. बाबा बघायला आले नाहीत. डोकं दुखतं म्हणाले.

सोमवारी टेबल आवरताना ती गाठ हाती लागली. ओढून पाहिली, सरकेना. टोकं अगदी लगत कापलेली. एवढ्या ताठ तारेला, अधू डोळ्यांनी, नुसत्या बोटांच्या अंदाजाने त्यांनी ती मारली होती. मी तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा तार मोडली.

आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तार तुटली तेव्हाच काउंटर बिघडणार हे ठरलं होतं... गाठ मारली नसती तरी मशीन रिकामीच फिरली असती. वाचवायचा एकच उपाय होता, थांबवायचं बटण दाबणं. आणि इतके दिवस माझ्या शेजारी बसलेल्या माणसाला ते बटण मी कधी दाखवलंच नव्हतं. लाज वाटली स्वतःची.

काल एक शक्कल लढवली. प्रिंटर लावला, थांबवला, आणि मुद्दाम तार तोडली. आतूनच हाक मारली, "बाबा, धागा तुटला जी... या ना जरा."

ओसरीवरून उत्तर आलं, "तूच पाह्य बाई. मले त्यातलं काही समजत नाही."

आवाजात राग असता तर बरं झालं असतं. राग नव्हताच, पटलं होतं त्यांना. ज्या माणसाने अख्ख्या घराला धागा जोडून वाढवलं, त्याला मी एका वाक्यात हे पटवून दिलं.

इथे फोटो टाकलाय बारचा, तुम्ही छान छान म्हणाल. पण बाबा ओसरीवर आहेत, मधे एकच दार आहे, आणि जे त्यांच्यासमोर बोलायला हवं ते मी तुम्हाला लिहून सांगत बसले आहे... मोबाइल ठेवते आता. त्यांची खुर्ची आत आणायला जाते.