सीमेवर शिजलेले बटाटे

आमच्या घराण्यात बटाट्यांसकट सीमेवर अडवला गेलेला मी एकटाच.

जर्मनीतल्या इंगोलश्टाटच्या मोटार कारखान्यात योग्य वस्तू योग्य वेळी योग्य जागी पोचवणं, हे माझं काम. त्यामुळे २०१६च्या उन्हाळ्यात आम्ही गाडीनं नॉर्वेतल्या, स्वीडनच्या सीमेलगतच्या एका चिमुकल्या गावी निघालो, तेव्हा सामानाची जबाबदारी (कुणी न सांगता) मीच घेतली. पुण्याहून आलेल्या सासूबाई सोबत होत्या आणि पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी होती. साबुदाण्याच्या खिचडीशिवाय त्यांची एकादशी आजवर झाली नव्हती. "आई, तिथे काही मिळायचं नाही," असं बजावून मी साबुदाणा आणि पिशवीभर बटाटे डिकीत भरले.

सीमेवरच्या कस्टमच्या बाईंनी साबुदाण्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बटाटे मात्र हातात घेतले. कच्चे बटाटे नॉर्वेत आणायला बंदी आहे, म्हणाल्या. मागच्या सीटवरून आमची लेक ईरा जर्मनमध्ये म्हणाली, की हे तिनं मला घरीच वाचून दाखवलं होतं. (दाखवलं होतं.)

"शिजवलेले चालतील?" मी विचारलं.

बाई विचारात पडल्या. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नसावा. चालतील, म्हणाल्या.

मग काय! गाडी उलटी वळवली आणि स्वीडनच्या हद्दीतलं पार्किंग गाठलं. कुकर डिकीच्या तळाशी होता, म्हणून सगळं सामान बाहेर काढलं. कॅम्पिंगचा स्टोव्ह पेटवला. पहिल्या शिट्टीला कुणाचा तरी कुत्रा भुंकला, दुसरीला एक ट्रकवाला खाली उतरला आणि तिसरीला कस्टमच्या बाई स्वतः चालत आल्या. माझी बायको मेधा ओढणीत तोंड लपवून गाडीत बसली. सासूबाई मात्र खूश. "प्रसादराव, असा जावई शोधून सापडायचा नाही." मी विरघळलो आणि त्याच नादात सामान भराभर कोंबून निघालो.

गावात घरमालकीण आजी आम्हाला थेट परसात घेऊन गेल्या. समोर बटाट्यांचे वाफे! हवे तेवढे उपटा, म्हणाल्या. सासूबाईंची नजर चुकवून मी साबुदाणा आणायला डिकीकडे पळालो. साबुदाणा पार्किंगमध्येच राहिला होता.

एकादशीला सासूबाईंनी उकडलेला बटाटा मीठ लावून खाल्ला.

"प्रसादराव," त्या शांतपणे म्हणाल्या, "इथे जे होतं ते तुम्ही आणलंत. जे नव्हतं, तेवढं ठेवून आलात."

कारखान्यात हे अजून कुणाला ठाऊक नाही. माझ्याकडे तेच काम आहे.