निळा काटा, लाल काटा

परवा मोशीतल्या गॅरेजमध्ये गाडीचा एसी तपासायला नेला. मेकॅनिकने मीटरच्या निळ्या आणि लाल नळ्या जोडल्या, इंजिन चालू केलं आणि विचारलं, "ताई, धूळ लई येतीय. शटर खाली घेऊ का?"

"उघडंच ठेवा!" मी इतक्या जोरात म्हणाले की तो दचकलाच.

महाळुंग्यात माझ्या दादाचं असंच एका गाडीपुरतं गॅरेज होतं. समोरून दिवसभर कंपन्यांचे ट्रक जायचे. नळीत धूळ गेली तर काम बिघडतं, म्हणून एसीचं प्रेशर बघताना तो शटर ओढून घ्यायचा. त्या दुपारी मी डबा घेऊन पोचले, तेव्हा शेजारचे टायरवाले काका शटर बडवत होते. "इंजिन चालू हाय, पण तुझा दादा ओ देत न्हाई!"

आम्ही दोघांनी शटर वर ढकललं. धुराचा लोट अंगावर आला. दादा गाडीत मान टाकून बसला होता. एसीच्या गार वाऱ्यावर त्याचे केस हलत होते. काकांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं, त्याला बाहेर ओढलं आणि मनगट धरून बसले.

मी बॉनेटला टांगलेल्या मीटरकडे बघत राहिले. दादानेच शिकवलं होतं, एसी चालू असताना निळा काटा खाली आणि लाल वर असतो. बंद केला की दोन्ही हळूहळू एकाच आकड्यावर येतात. लाल उतरत होता, निळा चढत होता. ते जुळेपर्यंत वेळ आहे, असं तेव्हा उगाच वाटत होतं.

काटे जुळले. काकांनी दादाचा हात अलगद खाली ठेवला.