आडवी बाटली

आमच्या गावात देशी दारूचं दुकान ठेवायचं की नाही, हे बायकांनी मत टाकून ठरवायचं होतं. चिठ्ठीवर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. सरकारनं जन्मात पहिल्यांदा आम्हाला थेट काही विचारलं, म्हणून मी कांद्याची लागण टाकून घरोघर फिरले. सोबत धाकटी जाऊ. खरं तर मी तिच्यासाठीच फिरत होते. माझा दीर पिऊन आला की तिला मारायचा, आणि भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं. "आक्का, बाटलीला आडवी पाडूच," ती म्हणायची. लई हुरूप होता बाईला.

मतदानाला शाळेत सकाळपासून रांग. बाप्ये पारावर बसून दात काढत होते. संध्याकाळी मोजणी झाली, तर आडवी बाटली उभीच्या कितीतरी पुढं! आम्ही ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात मोजणीचे साहेब म्हणाले, "थांबा. यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांची मतं आडवीला लागतात. थोडी कमी पडली. दुकान राहणार."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "साहेब, आमदाराला एक मत जास्त पडलं तरी तो मुंबईला जातो. तेव्हा घरी बसलेल्यांना कोण मोजतं? मग बाटलीचाच एवढा मान कशापायी?"

"नियम आहे, ताई."

डोंबलाचा नियम! यादीत माझी मेलेली सासू होती. नवऱ्याच्या दारूपायी जन्मभर रडली बिचारी, आणि तीही बाटलीच्याच बाजूला धरली गेली.

घरी आले, तर जाऊ चुलीपुढं भाकरी थापत होती. बोटाला शाई नव्हती.

"तू आलीच नाहीस?"

"न्हाई." मग खाली मान घालूनच म्हणाली, "हितं पितो तवर पडत-झडत का व्हईना, घरी येतो. दुकान उठलं तर गाडी घेऊन माळशेजच्या रस्त्याला प्यायला जाईल. तिथलं ट्रक बघितल्यात ना तुमी? मार खाईन मी, आक्का. पन त्यो मेल्यावर मी कुनाच्या दारात जाऊ?"

मी तिला नाही नाही ते बोलले. तिनं भाकरी उलटली.

यंदा दिराचे पाय सुजले. अंगणापलीकडं जाववत नाही, हात उगारायचीही ताकद उरली नाही. मला वाटलं, सुटली बाई एकदाची. परवा दुकानावरून येत होते, तर बाप्यांच्या रांगेत ती उभी, पदर कपाळापर्यंत ओढलेला.

"अगं, तू हितं?"

"न्हाई नेली तर थरथर कापतो, आक्का. मागं फीट आली व्हती." बाटली घेऊन तिनं पदराखाली धरली आणि घराकडं वळली. "दुकान जवळ हाय, ते बरंय."