डेझीबाईची वाट

समोरून पायी येणारं कोणी दिसलं, की घोडेकाका आधी घोडीवरून उतरायचे आणि मग नमस्कार करायचे. साठी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे. पुन्हा चढायला एखादा ओंडका शोधावा लागायचा. त्यामुळे सकाळच्या रपेटीची दुपार व्हायची. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "घोड्यावरचा माणूस उंच दिसतो रे. उंच माणसाचा लोकांना राग येतो, आणि तो राग मग वाटेवर निघतो."

काका मूळचे नागपूरचे. इथे अमेरिकेत, अ‍ॅशबर्नला त्यांनी सगळी नोकरी डेटा सेंटरांत काढली आणि निवृत्त झाल्यावर डेझी नावाची एक उतारवयाची घोडी घेतली. तिला ते डेझीबाई म्हणत. "आमच्या ह्यांनी म्हातारपणी सवत आणली," असं काकू चारचौघांत सांगायच्या आणि तिच्यासाठी गाजरं मात्र स्वतःच चिरायच्या. खोगिराला कायम एक छोटं फावडं बांधलेलं असे. "घोडी माझी, लीद माझी, वाट सगळ्यांची," हे काकांचं तत्त्वज्ञान.

ही वाट म्हणजे आमच्या वसाहतीमागच्या रानातून ओढ्यापलीकडे जाणारी जुनी, सार्वजनिक घोडेवाट. दसऱ्याला डेझीबाईच्या गळ्यात झेंडूची माळ घालून काका ओढा ओलांडायचे. तेच आमचं सीमोल्लंघन. मागून आम्ही सगळे, पोराबाळांसकट, बूट हातात घेऊन. आपटा इथे कुठला मिळायला? पलीकडच्या रेडबड झाडाची पिवळी, बदामाच्या आकाराची पानं तोडून सोनं म्हणून वाटायची. पोरं ओरडायची, "काका, कॅन आय राइड डेझी नेक्स्ट?"

मग ते रान नव्या डेटा सेंटरसाठी विकलं गेलं. काउंटीच्या, म्हणजे इथल्या स्थानिक प्रशासनाच्या सुनावणीला वाटेच्या बाजूने बोलायला या, असं सांगत काका घरोघर फिरले. "काका, आमची कंपनीच तिथे येतेय यार. आणि माझा व्हिसा..." एकजण चाचरत म्हणाला. काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "राहू दे बाप्पा. आधी तुझं ग्रीन कार्ड होऊ दे." ते रागावले असते तर बरं झालं असतं.

सुनावणीला काका, मी आणि काही म्हातारे अमेरिकन घोडेस्वार, बस. काका शांतपणे बोलले. अशा इमारती मीच चालवल्या आहेत, त्या लागतातच, पण वाट त्यांच्या आधीची आहे, एवढंच. सगळ्यांनी आदराने ऐकून घेतलं. निकाल असा लागला, की वाट राहील, पण डांबरी होईल. ओढ्यावर पूल झाला आणि त्याच्या अलीकडच्या टोकाला पाटी लागली: पादचारी आणि सायकलींसाठी खुली, घोड्यांना बंदी. वाट वाचली म्हणून आमच्या मंडळींनी ग्रुपवर काकांचं अभिनंदन केलं. त्या मेसेजेसचा मला आजही संताप येतो.

जवळपास दुसरी घोडेवाट उरली नव्हती. डेझीबाईला लांबच्या एका फार्मवर द्यावं लागलं.

त्या थंडीत काका गेले. त्याच्या थोडं आधी, दसऱ्याला मात्र ते आले होते, पायी, हातात झेंडूची माळ घेऊन. पाटीपाशी थबकले. "तुम्ही व्हा पुढे," म्हणाले. "तिच्याशिवाय मला नाही शीव ओलांडवत."

आम्ही पुलावरून गेलो. कोणाचे पाय भिजले नाहीत. सोनं घेऊन परतलो, तेव्हा काका पाटीपाशीच उभे होते, आणि भरधाव येणाऱ्या प्रत्येक सायकलवाल्याला हात जोडत होते. थांबत कोणीच नव्हतं.